टच स्विच आपोआप लागतोय? कपॅसिटिव्ह टच सेन्सरमधला नॉइज कमी करण्याची क्रमवार पद्धत

टेबलावर लॅपटॉपला जोडलेला टच स्विच आठवडाभर बिनतक्रार चालतो. तोच भिंतीवर बसवला आणि मोबाइलच्या चार्जरवर घेतला, की कूलर सुरू होताच दिवा आपोआप लागतो, किंवा चार वेळा बोट ठेवूनही लागत नाही. नागपुरात हा त्रास एप्रिल-मेमध्ये जास्त जाणवतो. कूलरची मोटर, त्याचा पंप, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवरचा पंखा आणि लाइन गेली की इन्व्हर्टर, ही घरातली नॉइजची, म्हणजे मोजणीत गोंधळ घालणाऱ्या विजेच्या खरखरीची, मोठी उगमस्थानं तेव्हा एकदम चालू असतात.

अशा वेळी पहिला हात जातो तो प्रोग्राममधल्या थ्रेशोल्डकडे, म्हणजे कितीच्या पुढे स्पर्श मानायचा त्या आकड्याकडे. आकडा थोडा वाढवला की दोन दिवस बरं चालतं, मग शेजारच्या खोलीतला एलईडी दिवा बदलला की पुन्हा तेच. खाली दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे: आधी मोजणी, मग ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची ओळ), पुरवठा, पॅड, वायर, रिले आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राम. क्रम मोडू नका. ग्राउंड बिघडलेला असताना फिल्टर लिहिणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं.

उदाहरणासाठी एक ठरावीक रचना धरू: ३ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या मागे १२ मिमी व्यासाचे चार टच पॅड, ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, चार रिले (विजेने चालू-बंद होणारे स्विच), आणि त्यातल्या एका रिलेवर कूलर. टीटीपी२२३, एमपीआर१२१ या तयार टच चिपवर किंवा साध्या अर्डुइनो बोर्डावर काम करणाऱ्यांसाठी वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

सुरू करण्यापूर्वी एक इशारा. बाजारात आणि व्हिडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरशिवायचे, म्हणजे एका कपॅसिटरने २३० व्होल्ट उतरवणारे पुरवठे दिसतात. टच पॅडसाठी ते कधीही वापरू नका. त्यात सर्किटचा ग्राउंड थेट मेन्सला जोडलेला असतो, म्हणजे तुमच्या बोटात आणि मेन्समध्ये फक्त अ‍ॅक्रिलिक उरतं. अशा सर्किटला लॅपटॉपची यूएसबी लावली तर लॅपटॉप जाईल आणि हात लावणाऱ्याच्या जिवाला धोका होईल. पुरवठा कायम आयसोलेटेड हवा, म्हणजे मेन्सशी थेट जोडणी नसलेला. २३० व्होल्टची जोडणी मेन स्विच बंद करून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

काय काय हाताशी हवं

- मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, बारीक टिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल
- १०० नॅनोफॅरड (वर १०४ लिहिलेले), १० मायक्रोफॅरड आणि २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर
- ४७० ओहम, १ किलोओहम, ४.७ किलोओहम आणि १० किलोओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर
- केबलवर चिमट्यासारखे बसणारे दोन फेराइट (नॉइज अडवणारे चुंबकीय मणी)
- फोमची नसलेली, पातळ दुहेरी ट्रान्सफर टेप
- आयसोलेटेड ५ व्होल्ट, २ अँपिअरचा तीन पिनी एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पुरवठा), आणि तुलनेसाठी दोन-तीन वेगवेगळे मोबाइल चार्जर
- पॉवर बँक
- मीडियम वेव्ह असलेला बॅटरीवरचा छोटा रेडिओ
- वापरलेल्या चिपची डेटाशीट, घराच्या वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा आणि आकडे लिहायला वही

यातलं बरंचसं नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. ऑसिलोस्कोप असला तर सोनं, नसला तरी काम अडत नाही.

## १. तुम्ही किती छोटी गोष्ट मोजताय ते आधी ओळखा

बोट आणि पॅड मिळून एक कपॅसिटर होतो. १२ मिमी व्यासाच्या पॅडचं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मिमी. मध्ये ३ मिमी अ‍ॅक्रिलिक, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (हवेच्या किती पट कपॅसिटन्स मिळते तो आकडा) साधारण ३. गणित केलं तर उत्तर येतं जवळजवळ १ पिकोफॅरड. पॅड, वायर आणि पिन यांची स्वतःची कपॅसिटन्स मात्र सहज १० ते ३० पिकोफॅरड असते. म्हणजे बोट ठेवल्याने होणारा बदल एकूण आकड्याच्या काही टक्केच, आणि तेवढ्यावरून निर्णय घ्यायचा.

त्यात हे मापन क्षणिक असतं. अर्डुइनोवर १ मेगाओहम रेझिस्टर लावून पॅड चार्ज व्हायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत घ्या. १ मेगाओहम आणि २० पिकोफॅरड म्हणजे २० मायक्रोसेकंद. मेन्सची एक लहर २० मिलिसेकंदांची. तुम्ही त्या लहरीच्या हजाराव्या भागाएवढा एक फोटो काढता, आणि त्या क्षणी लहर वर होती की खाली यावर आकडा बदलतो. लांबून स्पर्श ओळखावा म्हणून काही जण १ ऐवजी १० मेगाओहम लावतात. त्याने संवेदनशीलता वाढते, पण तो बिंदू हवेतल्या मेन्सच्या क्षेत्रालाही तितकाच हळवा होतो. भिंतीतल्या स्विचबोर्डसाठी ते नकोच.

## २. मोजा, आणि बोट ठेवूनही मोजा

फिल्टर, सरासरी सगळं बंद करा. नुसते कच्चे आकडे सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाचे आकडे लॅपटॉपवर दाखवणारा पडदा) घ्या. प्रत्येक पॅडसाठी बोट न लावता १००० वाचनं आणि बोट स्थिर ठेवून १००० वाचनं. दोन्हीची सरासरी काढा. त्यांच्यातला फरक हा सिग्नल. कमाल वजा किमान हा नॉइज. तो दोन्ही अवस्थांचा काढायचा आणि मोठा असेल तो धरायचा.

नवखे लोक नेमके इथे फसतात, म्हणून आकड्यांनिशी पाहू. समजा बोटाशिवाय सरासरी ६१२ आणि बोटासह ५७१, म्हणजे सिग्नल ४१. बोटाशिवाय आकडा ४ ने हलतो. ४१ भागिले ४, दहापट, उत्तम! पण चार्जरवर असताना बोट ठेवलं की तोच आकडा १९ ने थरथरतो. खरं गुणोत्तर ४१ भागिले १९, म्हणजे जेमतेम दुप्पट. हा स्विच भिंतीवर चालणार नाही.

उद्योगात रूढ असलेला ठोकताळा पाचास एकचा आहे: सिग्नल नॉइजच्या किमान पाचपट हवा. त्याखाली असाल तर पुढे जाऊन प्रोग्राम लिहू नका.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मूळ ईएसपी३२ मध्ये स्पर्श झाला की आकडा कमी होतो. एस२ आणि एस३ या त्याच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये वाढतो. बोर्ड बदलला आणि जुना प्रोग्राम तसाच चढवला तर सगळं उलटं चालतं, आणि त्याचं खापर उगाच नॉइजवर फुटतं. दुसरं, मूळ ईएसपी३२ वर ०, २, १२ आणि १५ या पिन टचसाठी टाळा. बोर्ड सुरू होताना त्यांची पातळी वाचली जाते, आणि २ नंबरवर बऱ्याच बोर्डांचा एलईडी असतो. ४, १३, १४, २७, ३२, ३३ या बऱ्या.

## ३. नॉइज कोणत्या दारातून येतो ते शोधा

मागच्या पायरीचं मापन चार अवस्थांत करा आणि वहीत तक्ता मांडा:

1. पॉवर बँकेवर, यूएसबी केबल काढून, आकडे ब्लूटूथने किंवा वाय-फायने घेऊन
2. बॅटरीवरच्या लॅपटॉपला जोडून
3. तीन पिनी चार्जर लावलेल्या लॅपटॉपला जोडून
4. प्रत्यक्ष वापरायच्या चार्जरवर, लॅपटॉपशिवाय

पहिली अवस्था वगळू नका. सिरीयल केबल लावली की लॅपटॉपचं सगळं धूड तुमच्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलं जातं आणि मापनच बदलतं. टेबलावर छान चालणारा स्विच भिंतीवर बिघडण्याचं मूळ बहुतेकदा हेच. टेबलावर त्याला लॅपटॉपच्या तिसऱ्या पिनेतून अर्थ मिळत होती. भिंतीवरच्या दोन पिनी चार्जरने ती काढून घेतली.

तक्ता असा वाचा. चौथ्या अवस्थेत फक्त बोट ठेवल्यावर नॉइज वाढत असेल तर गुन्हेगार चार्जर आणि ग्राउंड (पायरी ४). बोट न लावताही वाढत असेल तर पुरवठ्याची ओळ (पायरी ५). पॉवर बँकेवरही आकडा हलत असेल तर पॅड किंवा वायर अँटेनासारखी वागते आहे (पायरी ६ आणि ७). एरवी शांत, पण काहीतरी चालू-बंद करताना एकच उडी, तर रिले किंवा मोटर (पायरी ८).

मग घरातली उपकरणं एकेक करून बंद करा. इथे रेडिओ कामाला येतो. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवा आणि रेडिओ एलईडी दिव्याजवळ, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ, चार्जरजवळ न्या. जिथे खरखर किंवा भुणभुण एकदम वाढते तिथे स्विचिंगचा नॉइज आहे. मॉडिफाइड साइन वेव्हच्या इन्व्हर्टरजवळ तर रेडिओ गाणंच म्हणायला लागतो. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या वेगावर ठेवून मोजा. पूर्ण वेगाला आणि बंद असताना तो साळसूद दिसतो.

## ४. ग्राउंड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आयसोलेटेड चार्जरमध्ये मेन्सच्या बाजूकडून ५ व्होल्टच्या बाजूकडे एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात आणि तो साधारण १ ते २.२ नॅनोफॅरडचा असतो. चार्जरचा नॉइज हवेत पसरू नये म्हणून तो हवाच असतो. पण त्यातून थोडा प्रवाह पलीकडे झिरपतो. २.२ नॅनोफॅरडच्या दोन टोकांत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आले तर तो सुमारे ०.१६ मिलिअँपिअर होतो. जिवाला त्रास नाही, पण तुमच्या सर्किटचा ग्राउंड जमिनीच्या तुलनेत सतत वर-खाली डोलत राहतो. त्यावर चार्जरच्या स्विचिंगची, म्हणजे दहा-वीस किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंतची थरथर चढलेली असते.

फुटाळा तलावात नाव डोलत असेल तर नावेत बसलेल्याला काठावरचं झाड हलताना दिसतं. इथे नाव म्हणजे सर्किट आणि झाड म्हणजे तुमचं बोट. तुम्ही जमिनीवर उभे आहात, स्थिर आहात. पण सर्किटला वाटतं की बोटावरच व्होल्टेज नाचतंय. बोट जवळ नसेल तेव्हा पाहायला झाडच नाही, म्हणून आकडा शांत. बोटासह आणि बोटाशिवाय अशी दोन मापनं हवीत ती यासाठी.

उपाय, परिणामाच्या क्रमाने:

क. तीन पिनी आयसोलेटेड एसएमपीएस घ्या आणि त्याच्या डीसी बाजूचा निगेटिव्ह अर्थला जोडून घ्या. नाव काठाला बांधली की डोलणं थांबतं. वरच्या उदाहरणातला १९ चा नॉइज बऱ्याचदा एवढ्यानेच ५-६ वर येतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थ आहे असं नाही. जुन्या घरांत ते भोक रिकामं असतं, किंवा कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रलला जोडून ठेवलेलं असतं. फेज ते अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, हे चांगलं लक्षण. खोलीत मोठा भार चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं तर संशय घ्या. मल्टिमीटरचा आतला अवरोध इतका मोठा असतो की सडलेल्या अर्थ वायरवरही तो २३० दाखवतो, म्हणून खात्री इलेक्ट्रिशियनकडच्या अर्थ टेस्टरनेच. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा अवरोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे, ती विसरू नका.

दुसरा खड्डा: अर्थ नाही म्हणून ग्राउंड न्यूट्रलला जोडणं. कुठेतरी फेज-न्यूट्रल अदलाबदल झालेली असली की तुमचा पूर्ण बोर्ड २३० वर जातो. नळाच्या पाइपला जोडणंही नको.

ख. अर्थ मिळतच नसेल तर सर्किटचा ग्राउंड आकाराने मोठा करा. बोर्डाच्या मागे, पॅडपासून किमान १० मिमी अंतरावर, साधारण १५० × १५० मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून तो सर्किटच्या ग्राउंडला जोडा. पत्रा २३० च्या वायरपासून पूर्ण वेगळ्या कप्प्यात हवा. शिवाय प्रत्येक पॅडभोवती ग्राउंडची कडी द्या. बोट पॅडवर येतं तेव्हा ते कडीवरही येतं, म्हणून शरीर आणि ग्राउंड यांतला फरक थोडा मिटतो.

ग. चार्जर बदलून पाहा. तीन वेगळ्या चार्जरांवर तीच वाचनं घेतली तर नॉइज कित्येक पटींनी वेगळा मिळतो. स्वस्त चार्जर चांगला निघू शकतो, महाग वाईट. लेबल पाहून कळत नाही, मोजूनच कळतं.

घ. डीसी केबल फेराइटमधून दोन-तीन वेढे देऊन न्या. फेराइट मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. ५० हर्ट्झवर त्याचा उपयोग शून्य, म्हणून तो एकटाच लावून चमत्काराची वाट पाहू नका.

## ५. पुरवठा

सेन्सर चिपच्या पुरवठा पिनेला चिकटून १०० नॅनोफॅरड, शेजारी १० मायक्रोफॅरड. ‘चिकटून’ म्हणजे ५ मिमीच्या आत. १० सेमी वायरच्या टोकाला लावलेला कपॅसिटर नसल्यासारखाच. ईएसपी३२ वाय-फायवर पाठवतो तेव्हा काही क्षण २०० मिलिअँपिअरहून जास्त ओढतो, म्हणून त्याच्या ५ व्होल्टवर २२० मायक्रोफॅरड.

हिशेबात रिले धरा. नेहमीच्या निळ्या ५ व्होल्ट रिलेचं कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेतं, चार म्हणजे २८०. छोटे ३ वॅटचे पुरवठा मॉड्यूल ६०० मिलिअँपिअरपर्यंतच देतात. ईएसपी३२ आणि चार रिले त्यावर टाकले की व्होल्टेज दर स्पर्शाला डुबकी मारतं, आणि एक बटण दाबलं की दुसरं लागतं. म्हणूनच वरच्या यादीत २ अँपिअर लिहिलं आहे.

एमपीआर१२१ ला ३.३ व्होल्ट स्वतंत्र लिनियर रेग्युलेटरवरून द्या. एमपीआर१२१ ची कमाल मर्यादा ३.६ आहे, चुकून ५ जोडला तर चिप गेली. एएमएस१११७ या लिनियर रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा एक-सव्वा व्होल्ट जास्त इनपुट लागतं, त्यामुळे लांब बारीक वायरने ५ चे ४.३ झाले असतील तर तो नियंत्रण सोडतो आणि सगळी लहर आरपार जाते. १२ व्होल्टवरून एलएम२५९६ या स्विचिंग रेग्युलेटरने उतरवत असाल तर त्याचं १५० किलोहर्ट्झचं स्विचिंग लक्षात ठेवा: त्याने ५ करा, पुढचे ३.३ लिनियरने.

## ६. पॅड, अ‍ॅक्रिलिक आणि टेप

नॉइज कमी करायचा तसा सिग्नल वाढवणंही त्याच गुणोत्तराचं काम आहे, आणि बऱ्याचदा स्वस्तातलं.

हवेची फट हा सिग्नलचा सगळ्यात मोठा चोर. अ‍ॅक्रिलिकचा स्थिरांक ३, हवेचा १. म्हणजे पॅड आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये अर्धा मिमी हवा राहिली तर ती दीड मिमी जादा अ‍ॅक्रिलिकएवढी. शिवाय ती फट बोटाच्या दाबाने आणि उन्हाने वाकणाऱ्या पॅनेलने कमी-जास्त होते, आणि आकडा तरंगतो. फोमची दुहेरी टेप म्हणजे बहुतांशी हवाच. तिच्याऐवजी ०.१ मिमीच्या आसपासची ट्रान्सफर टेप वापरा, आणि बुडबुडे निघेपर्यंत जुन्या एटीएम कार्डाने घासा.

काच घेतलीत तर आणखी चांगलं. तिचा स्थिरांक ७ च्या आसपास. ४ मिमी काचेतून तोच १२ मिमीचा पॅड सुमारे पावणेदोन पिकोफॅरड देतो, म्हणजे ३ मिमी अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त.

पॅडभोवतीचा ग्राउंड सलग तांब्याचा नको, जाळीचा हवा: ०.२ मिमी रेघा, मध्ये एक-दीड मिमी मोकळी जागा. पॅड आणि जाळी यांत अ‍ॅक्रिलिकच्या जाडीच्या आसपास, पण ०.५ ते २ मिमीच्या मर्यादेत अंतर. पॅडच्या बरोबर मागे १.६ मिमी बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला सलग ग्राउंड ओतला तर १२ मिमीच्या पॅडला सुमारे पावणेतीन पिकोफॅरडचं ओझं लागतं, म्हणजे बोटाच्या अडीचपटीहून जास्त. पातळ लवचीक शीटवर ते याच्या कितीतरी पट होतं.

तांब्याच्या टेपचे पॅड करणाऱ्यांनी तुकडे एकमेकांवर नुसते चिकटवू नयेत. तिचा गोंद प्रत्येक वेळी वीजवाहक नसतो, जोड सोल्डरच करावा. आणि पॅनेलच्या मागे धातूचा चुरा असलेला चंदेरी रंग मारू नका. दिसतो छान, पण चारही पॅड आपसांत बोलायला लागतात.

## ७. वायर आणि सिरीज रेझिस्टर

पॅड ते चिप वायर जितकी आखूड तितकं बरं. १० सेमीच्या आत ठेवा. शिल्डेड वायर लावली की नॉइज जाईल असं वाटतं, पण नेहमीच्या कोअ‍ॅक्सची कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. २० सेमी म्हणजे २० पिकोफॅरडचं ओझं, एक पिकोफॅरडच्या सिग्नलवर. अंतर जास्त असेल तर वायर लांबवू नका, चिपच पॅडजवळ न्या आणि तिथून पुढे डिजिटल सिग्नल आणा. टीटीपी२२३ चा आउटपुट किंवा एमपीआर१२१ ची आय-स्क्वेअर-सी लाइन लांब गेली तर चालते. पॅडची वायर चालत नाही.

चिपच्या पिनेला लागून प्रत्येक पॅडच्या ओळीत रेझिस्टर घाला. ४७० ओहमपासून सुरुवात करा, मग १, ४.७ आणि १० किलोओहम. पॅडच्या कपॅसिटन्सबरोबर तो रेडिओ लहरी अडवणारा फिल्टर होतो: २० पिकोफॅरडला १ किलोओहम लावला तर सुमारे ८ मेगाहर्ट्झच्या वरचं गळतं, १० किलोओहमला ०.८ मेगाहर्ट्झच्या वरचं. फार वाढवला तर पॅड पूर्ण चार्ज व्हायच्या आत मापन संपतं आणि सिग्नलच घटतो. प्रत्येक बदलानंतर दुसऱ्या पायरीचं गुणोत्तर काढा आणि ते घसरायला लागण्याआधीच्या किमतीवर थांबा. रेझिस्टर पॅडकडे लावला तर उरलेली वायर अँटेनाच राहते, म्हणून चिपकडेच.

टीटीपी२२३ च्या बोर्डावर संवेदनशीलतेसाठी कपॅसिटरची रिकामी जागा असते. तिथे ५० पिकोफॅरडपर्यंत घालता येतो, आणि जितका मोठा तितकी संवेदनशीलता कमी. जागा रिकामी म्हणजे चिप सगळ्यात हळवी. उघड्या बोर्डावर १० ते ३० पिकोफॅरड घातला की खोट्या स्पर्शांच्या बऱ्याच तक्रारी मिटतात. पुरवठा मिळाल्यावर पहिला अर्धा सेकंद ही चिप स्वतःला जुळवून घेते, तेव्हा पॅडवर हात नको.

पॅडच्या वायरी २३० च्या, रिलेच्या आणि एलईडी डिमिंगच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

## ८. रिले, कूलर आणि पंप

कूलरची मोटर किंवा पंप बंद होताना रिलेच्या टोकांत ठिणगी पडते. तो झटका इतका रुंद पट्ट्याचा असतो की टच पॅडला तो बोटासारखा दिसू शकतो. कूलर बंद केला आणि क्षणात पुन्हा लागला, तर काहून ते इथे शोधा.

१०० ओहम, १ वॅटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला एक्स२ वर्गाचा कपॅसिटर ओळीने जोडून स्नबर, म्हणजे ठिणगीचा झटका शोषणारी जोडी, करा. तो मोटरच्या दोन टोकांना लावा. रिलेच्या टोकांना लावला तर रिले बंद असतानाही ०.१ मायक्रोफॅरडमधून सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात; त्या रिलेवर पुढेमागे एलईडी दिवा आला तर तो रात्रभर मिणमिणत राहील. साधा ४०० व्होल्ट डीसीचा कपॅसिटर इथे लावू नका. एक्स२ वर्ग हा मेन्सवर कायम राहण्यासाठी आणि बिघडला तरी पेट घेऊ नये म्हणून असतो.

ऑप्टोवाल्या (प्रकाशाने सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या) रिले मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी (कॉइलचा पुरवठा) आणि व्हीसीसी (इनपुटचा पुरवठा) यांमध्ये एक जंपर येतो. तो तसाच ठेवला तर ऑप्टो केवळ शोभेला. जंपर काढा, कॉइलला वेगळा ५ व्होल्ट द्या, आणि कंट्रोलरचा ग्राउंड मॉड्यूलच्या ग्राउंडला जोडू नका. इनपुटच्या बाजूला फक्त व्हीसीसी आणि इनपुटच्या वायरी लागतात. सवयीने ग्राउंड जोडणारे खूप, आणि मग आयसोलेशन आहे असं समजून बसतात.

## ९. आता प्रोग्राम

इथवर गुणोत्तर पाचावर पोचलं असेल तरच पुढे या.

आधी एक सापळा. बरेच प्रोग्राम दर २० मिलिसेकंदांनी एक वाचन घेतात. मेन्सची लहर तेवढीच, म्हणून प्रत्येक वाचन लहरीच्या त्याच जागी पडतं आणि आकडा छान स्थिर दिसतो. पण ग्रिडची वारंवारता नेमकी ५० नसते. ती ४९.९५ असेल तर फरक ०.०५ हर्ट्झचा, म्हणजे आकडा २० सेकंदांच्या लाटेत हळूहळू वर-खाली होतो. बेसलाइन, म्हणजे बोट नसतानाचा संदर्भ आकडा, त्या लाटेमागे धावते आणि स्पर्श चुकतात.

म्हणून वाचनं पूर्ण लहरीवर पसरवा: वाचनांची संख्या गुणिले अंतर बरोबर २० किंवा ४० मिलिसेकंद. या वेळेला खिडकी म्हणू. चार पॅडची एक फेरी २.५ मिलिसेकंदांत होत असेल तर ८ फेऱ्यांची सरासरी, ५ मिलिसेकंद लागत असतील तर ४०च्या खिडकीत ८. तुमच्या बोर्डावर एका वाचनाला किती वेळ लागतो ते अंदाजाने धरू नका, मायक्रोसेकंदांत मोजा. लायब्ररीच्या आवृत्तीप्रमाणे तो बदलतो. सरासरीआधी लागोपाठच्या तीन वाचनांतलं आकड्याने मधलं (सगळ्यात मोठं नाही, सगळ्यात लहानही नाही) घ्या, म्हणजे वाय-फायची किंवा रिलेची एकटी उडी गळून जाते.

मग निर्णय. सिग्नल ४१ असेल तर फरक २५ (सुमारे ६० टक्के) गेल्यावर चालू, १६ (४० टक्के) खाली आल्यावर बंद. एकच सीमारेषा ठेवली तर बोट उचलताना दिवा फडफडतो. लागोपाठ ३ खिडक्यांनी होकार दिला तरच स्पर्श माना: २० च्या खिडकीने ६० मिलिसेकंद, ते जाणवत नाही. ४० ची खिडकी असेल तर दोनच होकार घ्या.

बेसलाइनला दर अर्ध्या सेकंदाला जास्तीत जास्त १ आकडा सरकू द्या, तेही स्पर्श नसतानाच. स्पर्शाच्या उलट दिशेला गेलेल्या आकड्यामागे मात्र ती लगेच जाऊ द्या. २० सेकंदांहून लांब ‘स्पर्श’ चालू राहिला तर तो पाण्याचा थेंब किंवा पाल समजून बेसलाइन नव्याने घ्या.

एमपीआर१२१ मध्ये हे बरंचसं चिपच करते. नेहमीच्या लायब्ररीत स्पर्शाचा थ्रेशोल्ड १२ आणि सुटण्याचा ६ असतो. तो उघड्या पॅडसाठी ठीक आहे, अ‍ॅक्रिलिकमागे स्वतःच्या मोजणीवरून ठरवा. डिबाउन्स (लागोपाठ होकार मागण्याची सोय) आणि फिल्टरच्या फेऱ्या वाढवायला रजिस्टर (चिपमधले सेटिंगचे कप्पे) आहेत, ते डेटाशीटमधून पाहून वापरा.

## १०. कूलर लावून, लाइन घालवून तपासा

मे महिन्याच्या दुपारी कूलर सुरू केला की कोरड्या खोलीतली हवा थोड्याच वेळात दमट होते. बोर्डावर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा चिकट थर राहिला असेल तर तो ओल धरतो, पॅड आणि ग्राउंडमध्ये मेगाओहमची गळती तयार होते आणि आकडा सरकतो. बसवण्याआधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, वाळवा, वर कॉन्फॉर्मल कोटिंगचा, म्हणजे ओल अडवणाऱ्या लेपाचा, पातळ हात द्या. कूलरचा तुषार पॅनेलवर पोचत असेल तर ग्राउंडच्या कडीऐवजी चालती शिल्ड हवी, म्हणजे पॅडच्याच सिग्नलवर हलणारी कडी. ईएसपी३२ च्या एस२ आणि एस३ मध्ये त्याची सोय १४ नंबरच्या टच पिनेवर आहे.

मग ही तपासणी, प्रत्येक ओळीला दहा मिनिटं, प्रत्येक पॅडला ५० स्पर्श, खोटे आणि चुकलेले दोन्ही मोजून:

- सगळं बंद
- पंखा मधल्या वेगावर
- कूलर आणि पंप, दर मिनिटाला चालू-बंद
- बोर्डाशेजारी मोबाइल चार्ज होताना, त्यावर फोन आलेला असताना
- मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर, आणि लाइन परत येण्याच्या क्षणी
- पायात चप्पल, मग अनवाणी ओल्या फरशीवर

शेवटची ओळ गमतीची वाटेल, पण अनवाणी असताना शरीर जमिनीशी घट्ट जोडलं जातं आणि चौथ्या पायरीतला दोष राहिला असेल तर तो इथे उघडा पडतो. जुलैत झड लागली की हीच यादी पुन्हा एकदा घ्या आणि आकडे वहीतल्या मेच्या आकड्यांशेजारी लिहा. बेसलाइनची सरक किती ठेवायची ते त्या दोन रकान्यांवरून ठरतं.